न झालेली चाचणी

सर,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं मला इथेच, टोकियोत कळलं आणि नोकरी नवी म्हणून मी सुट्टीसुद्धा मागितली नाही. ते अजून सलतं, पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. आपल्या कॉलेजमधून या उन्हाळ्यात आमच्या कंपनीत एक मुलगी आली होती, आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपला. तुम्ही मला धाडलं होतंत, तशीच. तिच्या बाबतीत मी काय केलं ते कुणाला तरी सांगायला हवं.

मी निघण्याआधी तुमच्या स्वयंपाकघरात माझी तयारी चालायची. तुम्ही एकटे राहायचात. ओट्याशी उभं राहून तुम्ही चहा ढवळताय, मी स्टुलावर, मांडीवर वही. जपानी तुम्हालाही येत नव्हतं, पण कुठूनसं एक वाक्य मिळवून तुम्ही माझ्याकडून वीसेक वेळा घोकून घेतलंत: मला समजलं नाही. "तिथे सगळे माना हलवतील," तुम्ही म्हणालात, "तुला कळलं नसेल तर तू हलवू नकोस." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. त्याच्या आदल्या वर्षीचा लॅबमधला दिवस तर मी विसरूच शकत नाही. दहापैकी शेवटचं रीडिंग मी घेतलंच नव्हतं. नऊ ठिपके सरळ रेषेत आले होते, दहावा कुठे येणार ते दिसतच होतं. तुम्ही माझी वही बघता आणि विचारता, "हे दहावं कुणी घेतलं?" "मीच, सर." "तू घेतलं नाहीस. तू ठरवलंस." बाकीची मुलं घरी गेली आणि मी दहाच्या दहा रीडिंग परत घेतली. दहावं रेषेच्या बरंच खाली आलं. तुम्ही लॅबची किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि गेलात.

आमच्या कंपनीत रेल्वे फलाटांवरच्या सरकत्या दारांचे सेन्सर तपासले जातात. दारात कुणाचा हात, पिशवी, बाबागाडी आली तर दार तिथल्या तिथे थांबायला हवं, एवढंच त्या सेन्सरचं काम. इतक्या वर्षांत मी वर सरकत गेले, आता चाचणीच्या कागदांवर माझा शिक्का लागतो. ही मुलगी कराडची. हळू बोलणारी, कामात नेटकी. तिला जुने चाचणीतक्ते संगणकावर चढवायचं काम दिलं होतं, जे इथे कुठल्याही इंटर्नच्या वाट्याला येतं. चौथ्या आठवड्यात ती दोन कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. ऑफिसात ती मला जपानी रीतीनं, आडनावाला सान लावूनच हाक मारायची.

"हे दोन लॉट वेगळे आहेत ना?"

"हो, का?"

"मग थंडीतल्या टेस्टचे आकडे सारखे कसे? शेवटच्या दशांशापर्यंत सारखे आहेत."

मी कागद हातात घेतले. दुसऱ्या लॉटची चाचणी झालीच नव्हती. कुणीतरी पहिल्याचे आकडे उतरवून काढले होते. ज्यानं तक्ता भरला तो माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता, पण खाली लाल शाईत शिक्का माझा होता. न बघता मारलेला.

"मी बघते," मी म्हणाले. "तू सध्या कुणाला बोलू नकोस."

"आणि शेवटच्या प्रेझेंटेशनमध्ये?"

"नको. तो तुझ्या कामाचा भाग नाही."

ती "हाय" म्हणाली. जपानी होकार. इथे आलेली मुलं हा शब्द पहिल्याच आठवड्यात उचलतात. सेक्शनची पुढची प्रमुख म्हणून तेव्हा माझं नाव चर्चेत होतं, सर. हे कारण म्हणून सांगत नाही. पण होतं.

त्या रविवारी मी तिला उरायासुला घरी जेवायला बोलावलं. आमटी-भात, बटाट्याची भाजी. घरी आल्यावर ती मला ताई म्हणाली. जेवणं झाल्यावर माझी नऊ वर्षांची लेक स्वयंपाकघरातून आली आणि नेहमीसारखं जपानीतच म्हणाली, ती ताई भांडी धुताना रडतेय. मी आत गेले.

"घरची आठवण येते का गं?"

"नाही ताई." तिनं नळ बंद केला. "ते सेन्सर कुठे बसवले असतील, हेच डोक्यातून जात नाही. मी रोज ट्रेनने येते ना. दारं बंद व्हायला लागली की मी आधी लहान मुलं कुठे आहेत ते बघते."

"तो लॉट गोदामातच आहे अजून," मी म्हणाले.

मला हे माहीत नव्हतं. मी अंदाजानं सांगितलं. तिनं विश्वास ठेवला, डोळे पुसले आणि माझ्या लेकीबरोबर पत्ते खेळायला बसली.

प्रेझेंटेशन चांगलं झालं. शेवटी आमच्या सेक्शनच्या प्रमुखांनी विचारलं, "कामात काही खटकलं का? मोकळेपणानं सांगा." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी समोरचा कागद उलटत राहिले. "विशेष काही नाही," ती स्वच्छ जपानीत म्हणाली. त्याच संध्याकाळी मला तिचं मूल्यमापन भरायचं होतं. मी लिहिलं: काम अचूक, मात्र मत मांडायला कचरते. तीन इंटर्नपैकी दोघांना नोकरीसाठी विचारलं गेलं. तिला नाही.

ती परत गेल्यावर आठवड्याभरानं मी त्या लॉटची चौकशी केली. तो खरंच गोदामात होता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. वीस सेन्सर काढून थंड पेटीत ठेवले. तीन उशिरा जागे झाले. थोडेसेच उशिरा, पण दाराला तेवढं पुरतं. मी नव्या चाचणीचे आकडे आणि माझा शिक्का असलेला जुना तक्ता, दोन्ही प्रमुखांपुढे ठेवलं. आता जे होईल ते होवो, असं ठरवूनच गेले होते. त्यांनी दोन्ही वाचून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "स्वतःची चूक स्वतः शोधून पुढे आणलीत. हे सगळ्यांना सांगायला हवं." सोमवारच्या बैठकीत त्यांनी खरोखरच सांगितलं. सगळे माझ्याकडे वळून वाकले. तिचं नाव घ्यायला मला एक श्वास पुरला असता. मीही वाकले आणि आभार मानले.

गेल्या आठवड्यात तिची मेल आली. पुण्यात नोकरी शोधतेय, सगळं ठीक आहे, माझ्या लेकीची आठवण येते. आणि शेवटी एकच ओळ: ताई, ती टेस्ट नंतर झाली का?

मी उत्तर दिलं, हो, झाली, काळजी करू नकोस. तीन सेन्सर सापडले ते तिच्यामुळे, हे लिहिलं नाही. मूल्यमापनात मी काय लिहिलं तेही नाही. तिला लिहायला हवं होतं ते सगळं तुम्हाला लिहिलं, सर, कारण तुम्ही आता उलटून काही विचारणार नाही.