टेपवर नसलेले गाणे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा चष्मे बनवण्याचा, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी तसा दाखला दिला नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतका वेळ माझ्यापुढे कोणी टिकतच नाही, असे माझी भाची म्हणते.

मसुदा वकीलबाईंनी केला आहे. मृत्युपत्रात इतके बोलायचे नसते, असे त्यांनी मला समजावून पाहिले. शेवटी तडजोड झाली ती अशी, की कलमे त्यांची आणि प्रत्येक कलमाच्या शेपटीला जे येईल ते माझे.

कलम पहिले. तळमजल्यावरचे चष्म्यांचे दुकान, काचा घासायचे यंत्र, तपासणीच्या भिंगांची पेटी, अक्षरांचा तक्ता आणि आरसे हे सर्व माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, मिळावे. कॉलेज सुटल्यापासून ती माझ्या हाताखाली आहे आणि आता माझ्यापेक्षा बरे काम करते. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही. चढून बसली असती. तिने एवढेच लक्षात ठेवावे, की “हे बरं दिसतं की ते?” असे विचारल्यावर जो पटकन उत्तर देतो तो आपल्याला खूश करायला बघत असतो. त्याला थोडा वेळ बसू द्यावे आणि मग पुन्हा विचारावे. तिचा बाप नोकरीच्या डोळेतपासणीआधी आमच्या दुकानातला अख्खा तक्ता पाठ करून बसला होता. मी तक्ता बदलला, तरी त्याने जुनीच अक्षरे घडाघडा म्हणून दाखवली. चष्मा लागलाच.

कलम दुसरे. दुकानावरच्या दोन खोल्या, मोरी आणि गॅलरीसह, माझ्या धाकट्या भावाला मिळाव्यात. तो बस डेपोत मेकॅनिक आहे आणि पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्याला क्वार्टर सोडावे लागणार आहे. लेकीकडे राहायला जायची त्याची तयारी नाही, कारण तिथे बिडी ओढता येत नाही. माझ्या गॅलरीत ओढावी. कुंडीत थोटके खोचू नयेत.

आमच्या दोघांत काही बिनसले आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा खुलासा पाचव्या कलमात येईल. खोल्या द्यायला त्या भांडणाची आडकाठी नाही.

कलम तिसरे. माझ्याकडच्या सर्व रेकॉर्डी मंडळाला द्याव्यात. मंडळ म्हणजे म्हाताऱ्याच्या चाहत्यांचे मंडळ. ‘म्हातारा’ हे आम्ही लाडाने ठेवलेले नाव. तो स्वतः गाणी लिहायचा, स्वतः चाली लावायचा आणि स्वतःच गायचा, आणि पंचविशीतच त्याचा आवाज सत्तरीचा होता. आता तो खरोखरच म्हातारा झाला आहे, त्यामुळे नावातली मजा गेली. पण सवय जात नाही.

त्याच्यापायी मी आणि धाकट्याने काय काय केले ते लिहीत बसले तर वकीलबाई उठून जातील. मालट्रकच्या टपावर बसून आम्ही त्याच्या कार्यक्रमांना गेलो आहोत. मला पाहायला आलेल्या एका मुलाने त्याची रेकॉर्ड ऐकून “हा गातो की रडतो?” असे विचारले. त्या मुलाला मी चहा दिला आणि वाटेला लावले. भाचीचे नावही त्याच्याच एका गाण्यातून उचललेले आहे, आणि कुठल्या ते ती कोणाला सांगत नाही.

मंडळाच्या अध्यक्षांकडे माझी एक रेकॉर्ड पूर्वीपासून पडून आहे. तीही मी त्यांना देत आहे, म्हणजे निदान ती त्यांची तरी होईल.

कलम चौथे. (हे मी मागच्या आठवड्यात स्वतःच्या हाताने घातले.) माझे दोन्ही मोठे स्पीकर सर्वांत वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना द्यावेत. मी गाणी लावली की ते काठी आपटायचे. पहिल्यांदा मला राग यायचा. अलीकडे ते तालावर आपटू लागले आहेत, तेव्हा त्यांचा हक्क पोहोचतो.

कलम पाचवे. भिंगांच्या पेटीच्या खालच्या कप्प्यात खाकी कागदात गुंडाळलेली एक टेप आहे. ती माझ्या मृत्यूनंतर धाकट्या भावाला द्यावी. आता खुलासा.

मंडळाचा एक नियम होता: टेपवर नाही ते गायलेच नाही. पूर्वी जो तो उठून सांगायचा, अमक्या कार्यक्रमात म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून गाणे म्हटले, तमक्या कार्यक्रमात नवीन कडवे घातले. थापांना ऊत आला होता. म्हणून नियम केला. तो सुचवला मीच, हेही नमूद करते.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका कार्यक्रमाला म्हातारा चकचकीत जाकीट घालून आला. मागे दोन ड्रमवाले आणि एक बाई, जिचे काम नुसते डुलायचे होते. आमच्या सगळ्या आवडत्या गाण्यांचा त्यांनी भुगा केला. मध्यंतराला मंडळ अध्यक्षांसकट उठले आणि धाकट्याने टेपरेकॉर्डर पिशवीत भरला. यंत्र त्याचे आणि टेपा माझ्या अशी आमची वाटणी असायची. मी म्हटले, तुला जायचे तर जा, यंत्र ठेवून जा.

“ह्या धांगडधिंग्याची टेप ठेवून काय करायचंय, ताई?” तो म्हणाला. “संपला तो.” आणि गेला.

मध्यंतरानंतर म्हातारा एकटाच आला. जाकीट काढून ठेवले होते. स्टुलावर बसला आणि त्याने जिन्याचे गाणे म्हटले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: हे त्याच्या पहिल्या रेकॉर्डवरचे गाणे. एक माणूस पुष्कळ वर्षांनी घरी येतो, जिना चढतो, दार वाजवण्याआधी थांबतो आणि गाणे तिथेच संपते. लोकांसमोर ते कधीही म्हणणार नाही असे त्याने तरुणपणीच जाहीर केले होते आणि तो शब्द पाळला होता. त्या संध्याकाळी मात्र ते त्याने म्हटले, आणि पुढे एक कडवे जास्तीचे म्हटले, ज्यात दार उघडते. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि उरलेल्या लोकांना काय घडते आहे याचा पत्ता नव्हता. मी रडले. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पुढच्या रविवारी मंडळात मी हे सांगितले. अध्यक्षांनी विचारले, टेप कुठे आहे? मग म्हणाले, निदान कडवे तरी म्हणून दाखवा. जेवढे आठवत होते तेवढे मी म्हटले. ते म्हणाले, असली यमके तो शाळेतसुद्धा जुळवत नसेल. सगळे हसले आणि धाकट्याकडे बघू लागले, कारण माझी खरी पारख त्याला.

धाकटा खाली बघत म्हणाला, “ताईचा जीव आहे त्याच्यावर. माणसाला जे हवं ते ऐकू येतं.”

खोटारडी म्हणाला असता तर मी दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि प्रकरण मिटले असते. पण त्याने माझी कीव केली. त्या दिवसापासून मी मंडळात गेले नाही. धाकट्याशी बोलणे आहे, पण त्या बोलण्यात काही नाही. लग्नकार्यात भेटलो की तो माझी तब्येत विचारतो, मी त्याची विचारते, आणि दोघेही ठीक असतो. एका गवयापायी बहीण-भाऊ असे वागतात म्हणून लोकांना हसू येते. गवयाचा यात काही संबंध नाही. मी सांगितलेली गोष्ट माझ्या भावाला खरी वाटली नाही, एवढेच ते आहे, आणि मला ते फार लागले.

गेल्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्मा करायला आले. बोलता बोलता निघाले, की ते त्याच सभागृहात दिवे सांभाळायचे आणि प्रत्येक कार्यक्रम वरच्या खोलीतून स्वतःच्या हौसेने टेप करायचे. मी तारीख सांगितली. चष्मा न्यायला आले तेव्हा ते टेप घेऊन आले. वरच्या चिठ्ठीवर तीच तारीख आहे आणि लिहिले आहे: मध्यंतरानंतर.

ही टेप मी ऐकलेली नाही. ऐकून मला नवीन काय कळणार? मी तिथे होते. मंडळात नेऊन लावावी असे एकदा मनात आले होते, खोटे कशाला बोलू. अध्यक्षांचा चेहरा बघायला मला आवडला असता. पण धाकट्याने ती ऐकून मान डोलावली, तर त्याचा विश्वास टेपवर बसेल. माझ्यावर बसणार नाही. म्हणून ती त्याने मी गेल्यावर ऐकावी. तोवर त्याला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची मुदत आहे. डॉक्टरांच्या मते ती फार लांब नाही.

कलम सहावे. वरील कलमांत न आलेले, किंवा काही कारणाने कोणाला देता न आलेले, सर्व काही भाचीला मिळावे.

कलम सातवे. माझ्या अंत्यविधीला म्हाताऱ्याचे गाणे लावू नये. मरणाची गाणी त्याला कधी जमली नाहीत. माझ्या आधी तो गेला तर दुकान एक दिवस बंद ठेवावे. मी आधी गेले तर दुकान चालू ठेवावे. कोणाचा तरी चष्मा द्यायचा राहिलेला असतोच.

पुढचा मजकूर सहीच्या दिवशी, सही करण्याआधी, मी स्वतः लिहिला आहे.

आज दुकान बंद ठेवून सगळ्यांना बोलावले. साक्षीदार म्हणून शेजारचा शिंपी आणि वरचे मास्तर ठरले होते. धाकट्याला भाचीने आणले. वकीलबाईंनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. पाचवे कलम चालू असताना धाकटा काचा घासायच्या यंत्राकडे बघत होता.

वाचून झाल्यावर वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मास्तरांना सही करता येणार नाही म्हणाल्या. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचे कलम तेवढे रद्द होते, आणि मी मागच्या आठवड्यात त्यांना न विचारता मास्तरांना स्पीकर देऊन बसले होते. मास्तरांना त्यांनी विचारले, सही करता की स्पीकर घेता? मास्तरांनी जरा विचार केला आणि स्पीकर घेतले.

दुसरा साक्षीदार कुठून आणायचा यावर चर्चा सुरू झाली. तेवढ्यात भाची म्हणाली, “आत्या, टेप इथेच आहे, टेपरेकॉर्डरही आहे. बाबा समोर बसलेत. आत्ताच लावूया ना. कशाला मरायची वाट बघायची?”

मी धाकट्याकडे पाहिले. त्याने हो म्हटले असते तर मी लावली असती. नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती.

“नको,” तो म्हणाला. मग वकीलबाईंना म्हणाला, “साक्षीदार मी होतो.”

वकीलबाईंनी त्याला समजावले, की मग त्याचे कलम दुसरे जाईल, म्हणजे खोल्या जातील, आणि पाचवेही जाईल, म्हणजे टेपही जाईल. दोन्ही सहाव्या कलमाप्रमाणे भाचीकडे जातील. बाहेर गल्लीत कोणी ना कोणी मिळेल, थोडे थांबा, असेही त्या म्हणाल्या. भाचीने त्याला आठवण करून दिली, की तिच्या घरात बिडी चालत नाही.

“सोडीन,” तो म्हणाला.

मी म्हटले, खुळ्यासारखे करू नकोस, पुढच्या वर्षी क्वार्टर जाणार आहे. तो माझ्या समोर येऊन बसला, जिथे गिऱ्हाईक बसते तिथे.

“ताई, एकोणीस वर्षं मी ते गाणं ऐकलं नाही, ते माझ्या पायांनी उठून गेलो म्हणून. तू खोटं सांगितलंस असं मला एक दिवस वाटलं नाही. मी नव्हतो तिथे, त्याचा राग होता मला.”

“मग तसं बोलायचं होतंस,” मी म्हटले.

“आता लिहून देतो.”

वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदार फक्त सहीपुरता असतो, आतल्या मजकुराशी त्याचा संबंध नसतो. धाकट्याने ऐकून घेतले आणि पेन मागितले. आधी माझी आणि शिंप्याची सही व्हायची आहे, तोवर तो पेन हातात धरून बसला आहे. मला एवढा आनंद पुष्कळ वर्षांत झालेला नाही, हे शुद्धीवर असताना नमूद करून मी खाली सही करते.

ठिकाण: दुकान, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून.

दिनांक: नऊ मार्च, रविवार, दुपार.

लिहून ठेवणार: (सही) चष्मेवाली.

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा शिंपी. या कागदात मला काहीही मिळालेले नाही, याची मी वाचून खात्री करून घेतली आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. सहीला साक्षी. मजकुरालाही साक्षी.