बाळंतपणापुरती स्पॅनिश

प्रिय आकांक्षा,

तुझ्या आईला स्पॅनिश येते. हसू नकोस, पोटावर ताण येईल. दिवाळीपासून दर रविवारी अकोल्याहून बस पकडून मी अमरावतीला रागिणी मॅडमच्या वर्गाला जाते. वर्गात सगळी कॉलेजची पोरं आणि मी एकटी फुलांच्या मळ्यातून आलेली, नखांत झेंडूचा पिवळा रंग. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, आपलं नाव सांगायला शिकू. मी म्हटलं, माझा जावई स्पॅनिश बोलणारा, त्याला माझं नाव माहीत आहे, मला फक्त हुकूम शिकवा. पाणी तापव, खिडकी लाव, बाळाला धर, तिला झोपू दे. बाळंतिणीच्या घरात दुसरं बोलायला वेळ कोणाला असतो?

हुकूम सोडायची मला सवय आहे, तोडणीच्या बायांना विचार. 'खा' म्हणजे कोमे, 'खाऊ नको' म्हणजे नो कोमास. नकार आला की शब्दाची शेपटी बदलते. तेही पाठ केलं. अडलं ते हाविएररावांपाशी. त्या भाषेतही तू आणि तुम्ही आहे, हुकूम त्याप्रमाणे फिरतो. ज्या जावयाला पाटावर बसवून वाढायचं, त्याला 'दुपटी धू' कसं म्हणायचं? जीभ रेटेना. मग ठरवलं, सव्वा महिना ते जावई नाहीत, घरातला पोरगा आहेत. सरळ तू.

'तुम्ही'चे हुकूमही वाया गेले नाहीत. माझं जायचं कळल्यावर तुझे बाबा ओसरीवर ओरडले, "कायले चालली तिकडं? पोरगी मेली आपल्यासाठी. गेली तं वापस येजो नको." तुझ्या लग्नापासून या घरात तुझं नाव निघालं नव्हतं, ते असं निघालं. माझं डोकंच फिरलं. त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, सिएन्तेसे. कायेसे. एस्कुचेमे. बसा, गप्प राहा, माझं ऐका. नवऱ्याला हुकूम, तोही आदराने! शब्द कळले नाहीत, आवाज कळला असावा. बसले. मग आपल्या भाषेत सांगितलं, "पयलं बाळातपण मायेरचं असते. पोरीले येता येत नाही, तं मायेर तिच्याकडं जाऊन राह्यलं. अन् वापस मी येईनच, हे घर माह्यंबी हाये." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवले मात्र.

आता तुझं. फोनवर तू दर वेळी म्हणतेस, आई, येऊ नकोस, माझ्यापायी तुझं घर मोडेल, इथले दवाखाने चांगले आहेत. आणि रडतेस. तू रडलीस की मी बरं म्हणते आणि फोन ठेवल्यावर स्वतःवर चिडते. म्हणून या वेळी तुला विचारलंच नाही. तिकीट हाविएररावांनी काढलं. नो दिगास नादा, काही सांगू नकोस, असं मीच त्यांना दटावलं होतं. हे पत्र टपालात टाकणार नाही, तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे. आत्ता मी बाहेर उभी आहे, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, मागे पिशव्या घेऊन तुझा नवरा. रडायचं असेल तर रड. भांडायचं असेल तर भांड. पण मला परत जा म्हणू नकोस, मी ऐकणार नाही. सावकाश ऊठ, आणि दार उघड.

तुझीच, तुला न विचारता आलेली,
आई