कुणासाठी नेतेस?

२० डिसेंबर, जहाजावर

भुवईला टाके पडले. जहाजावरचा डॉक्टर तरुण आहे, हात हलका. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

बाबा आणि माईंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून यज्ञेशने ही गोव्याची क्रूझ ठरवली. आम्ही चौघंच, सासू-सासरे, यज्ञेश आणि मी. आज सकाळी किनाऱ्यावर उतरायचं होतं. न्याहारीला मी दोन इडल्या आणि एक केळं कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. दाराशी पाटी आहे — जहाजावरचं खाणं बाहेर नेऊ नये. वाचली होती. पण दुपारच्या आधी बाबांची साखर एकदम खाली येते, हात थरथरायला लागतात. टॅक्सीत कुठे काय शोधायचं?

उतरताना सिक्युरिटीच्या मुलीने पर्स बघितली. "मॅडम, फूड बाहर अलाऊड नहीं है. यहीं खा लीजिए." हसून म्हणाली. मी सासऱ्यांच्या साखरेचं सांगणार, तेवढ्यात मागून पर्स हिसकली गेली. बाबा! त्यांनी ती उलटी केली. गोळ्या, कंगवा, केळं, सगळं लोखंडी जिन्यावर. "कुणासाठी नेतेस? बोल. कुणासाठी?" मग काठी. पहिली खांद्यावर, दुसरी तोंडावर. तिसरी त्या मुलीने आपल्या हातावर घेतली.

ज्या माणसाने लग्न झाल्यापासून मला "सूनबाई, चहा होईल का?" याहून मोठ्या आवाजात काही विचारलं नाही, तो माणूस.

यज्ञेश रांगेतल्या लोकांची माफी मागत होता. "विसरायला लागलेत हो. कारखान्यात सुरुवातीला गेटवर झडतीला होते. कॅन्टीनचा पाव कुणी डब्यातून नेला तरी सोडायचे नाहीत. तेच डोक्यात आलं असणार." लोक सैलावले. कुणीतरी म्हणालं, "आजकल ऐसे ऑफिसर कहां मिलते हैं." रक्त पुसता पुसता मलाही बरं वाटलं. कारण मिळालं की दुखणं जरा कमी होतं.

माई खाली बसून गोळ्या वेचत होत्या. इडल्यांना त्यांनी हात लावला नाही.

२२ डिसेंबर

घरी, अंबरनाथला. जिन्यात शेजारची कुंदा भेटली. "क्रूझला गेला होतात की कुस्तीला?" हसले. टाके ताणले.

२६ डिसेंबर

शाळा सुटल्यावर बदलापूरहून आले तर बाबा दारात उभे. हात पुढे. पर्स बघितली, मग डबा. डबा रिकामा होता. "जा," म्हणाले.

यज्ञेश सोफ्यावरून म्हणाला, "साहेब ड्यूटीवर आहेत."

२९ डिसेंबर

डब्यात अर्धी पोळी उरली होती. झाकण कानावर बसलं. जेवणं होईपर्यंत आत घंटा वाजत होती.

नंतर बाबांनीच विचारलं, "सूनबाई, कान का धरलाय? गार वारं लागलं का?" अगदी मनापासून. मी मारापेक्षा त्या प्रश्नाने रडले. हा माणूस माझ्या तापात उशाशी बसून पेज भरवायचा. आजार कुणाचं काय काय खातो!

२ जानेवारी

आज माईंनी मेथी निवडता निवडता मला समजावलं. "पर्स उघडी ठेवूनच आत ये. शोधावं लागलं की हात उठतो. उभी राहू नकोस. खाली बसलं की कमी लागतं. आणि हात डोक्यावर नाही, मानेवर धरायचे."

लाडू कसे वळायचे ते सांगावं, तशा सांगत होत्या. मला भरून आलं. किती विचार करतात माझा.

९ जानेवारी

डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं.

पर्स उघडी ठेवली होती. कशाला चिडले कळलं नाही. गळा धरला. सुटून बाहेर पळाले तर दार लावून घेतलं, माझा हात चौकटीत. उघडेनात. आतून दाराला अंग लावून विचारत होते, "कुणासाठी? कुणासाठी?" मी ओरडत होते, "कुणासाठी नाही हो बाबा!" माईंनी त्यांना ओढलं तेव्हा दार सुटलं.

इथले डॉक्टर ओळखीचे, म्हणून रिक्षाने उल्हासनगरला गेले. म्हातारे सिंधी डॉक्टर. "दरवाज़े में आ गई," मी बोट पुढे केलं. त्यांनी बोटाचा एक्स-रे काढला, पट्टी बांधली. ओढणी सरकली होती. "और गला? वो भी दरवाज़े में आया, बेटा?"

मी पट्टी कधी काढायची ते विचारलं.

१२ जानेवारी

यज्ञेश म्हणतो, वर्षभर बिनपगारी रजा घे. "तुझं येणंजाणं थांबलं की त्यांची झडती थांबेल."

"माणूस ठेवू या ना दिवसभरासाठी."

"बाहेरचा माणूस बाबांना बांधून ठेवेल. मारेलसुद्धा."

"आणि मी मार खाल्ला तर?"

"तुला कळतं तरी. त्यांना काय कळतं? आजारी आहेत ते, मीनल."

 खरंच आजारी आहेत. अर्ज त्यानेच टाइप करून आणला. पुढच्या सोमवारी द्यायचा. सही मी अजून केलेली नाही. वर्गात मुलं बोटाकडे बघतात, मी फळ्याकडे बघते. त्या वर्गाबाहेर मी कुणीच नाही, असं हल्ली वाटतं. दिवसभर या घरात, दार आतून लावलेलं.

१६ जानेवारी

 आजचं आजच लिहिते.

मुलांनी दिलेला तिळगूळ पर्सच्या चोरकप्प्यात राहिला होता. मला आठवणच नव्हती. बाबांच्या बोटांना लागला. आज काठी नव्हती, पट्टा काढला त्यांनी. बकल पाठीवर, मग पोटरीवर, मग मोडक्या बोटाच्या पट्टीवर. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेलं मला. मी मनगट धरलं त्यांचं, पहिल्यांदाच. काडीसारखं मनगट, पण आवरेना. "कुणासाठी नेतेस? कुणाला भरवतेस माझ्या घरातलं?"

यज्ञेश ऑफिसात. माई आतून आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आईसाठी नेतेय. माझ्या आईसाठी. तिला सोडा, मी नेतेय."

बाबा थबकले. मला सोडून वळले. तोवर माई खाली बसल्या होत्या. हात मानेवर.

१७ जानेवारी

माईंच्या पाठीला मी हळद लावली. त्या भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या, मी ऐकत होते.

त्यांची आई विधवा, बदलापूर गावात एकटी. माई दर आठवड्याला तिच्यासाठी काहीबाही न्यायच्या. वाटीभर तांदूळ, दोन भाकऱ्या, सणाला पुरणपोळी. बाबा दारात पिशवी उलटी करायचे. कुणासाठी नेतेस? सांगितलं तरी मार, नाही सांगितलं तरी मार. आवाज शेजारी जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा करायचे. आई गेली, तसं थांबलं. "माणूस सुधारला नाही गं. न्यायला कुणी उरलं नाही, एवढंच."

मी म्हटलं, "पण माई, ती गेटवरची नोकरी?"

"कसलं गेट? पहिल्या दिवसापासून हिशेबखात्यात होते. यज्ञेश पाच वर्षांचा असताना त्याने बघितलं एकदा. पोराला काय सांगणार? म्हटलं, बाबा गेटवर असतात ना, घरी सराव करतात. तेव्हापासून तो तेच धरून बसलाय."

मग म्हणाल्या, "विसरायला आत्ता लागलेत. हात जुनाच आहे. तुझ्या अंगावर माझा मार पडतोय, आणि मी तुला खाली बसायला शिकवत होते."

यज्ञेशची मला दया आली. एवढ्या वयात बापाबद्दल हे ऐकायचं! उद्या सांगायलाच हवं. हळू सांगेन.

१८ जानेवारी, रविवार

जेवताना सांगितलं. हळू, जपून. त्याचा हात पोळीवर थांबला नाही.

"माहितीये मला," तो म्हणाला. "आठवीत असल्यापासून." आणि आमटीसाठी वाटी पुढे केली.

मी उठले नाही. अर्ज फाडून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. तो म्हणाला, "मग उद्यापासून बाबांपाशी कोण राहणार?"

"तू," माई म्हणाल्या. "आम्ही दोघी सकाळीच निघतोय."