यांची पानं खराब झालेली नाहीत

स्मृति नगर, मंगळवार संध्याकाळ

हे होते तेव्हाची एक सकाळ आठवते. मी तांदूळ निवडत होते. दुरुस्तीहून आलेल्या कॉम्प्युटरपुढे बसून हे म्हणाले, "पाह्य, माझी मराठी अक्षरं इंग्रजी होऊन बसली. आता फॉन्ट टाकतो." टाकला, आणि मराठी दिसलं. मी पुन्हा तांदळात मान घातली.

आज रोहितने नवा कॉम्प्युटर लावून दिला. यांनी टाइप केलेल्या गावच्या आठवणी उघडल्या, तर नुसती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं. पोरगा म्हणतो, "मम्मी, फाइल करप्ट हो गई. डिलीट कर. कावून जीव जाळून राहिली?"

"तुले वाचता नाही आलं, म्हणून बाबांचं लिहिणं खराब?"

जुना कॉम्प्युटर तर भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवलाय त्याने. माणूस गेला, आता त्याची पानंही पुसायची? आणि मी तरी त्या सकाळी नीट का नाही पाहिलं? तांदूळ काय पळून जात होते?

बुधवार

जुना कॉम्प्युटर आत आणला. तेव्हा दुरुस्ती केलेल्या दुकानदाराला फोनवर विचारत त्यातला फॉन्ट पेनड्राइव्हवर घेतला, नव्यात टाकला. मग रोहितला समोर बसवून पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवलं.