पुसलेली बोटं

पंचवटी, नाशिक
२० फेब्रुवारी २०२५

चि. सोमनाथ यास,

आशीर्वाद. मोठा आहे म्हणून द्यावे लागतात, नाहीतर सोमवारच्या प्रकारानंतर राखूनच ठेवले असते. सविता आणि वेदिका बऱ्या असतील. देवळालीला अजून थंडी असेल, इकडे दुपारी पंखा लागतो. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस.

सोमवारी रजिस्ट्रार ऑफिसात वडिलांचा गाळा तुझ्या नावावर करून द्यायला मी स्वतःहून आलो होतो. मशीनने अंगठा घेतला नाही. मग दहाही बोटं लावून झाली. कारकून म्हणाला, "बाबा, तुमच्या बोटांवर रेषाच दिसत नाहीत मशीनला." त्यावर पंधरा माणसांसमोर तू म्हणालास, "दादा, गाळा द्यायचा नव्हता तर सरळ सांगायचं. बोटं घासून कशाला यायचं?" लोक हसले. मीही हसलो, धंद्यातली सवय.

जिन्यात सविता तुझ्या कानाशी लागली, "चुन्यात बुडवून ठेवली असतील. लय पोचलेला माणूस आहे." सोमनाथ, विंचूरच्या कांदा लिलावात पन्नास जण एकदम ओरडतात, त्यात कोण कितीला थांबला हे ऐकून मी हमालाचा व्यापारी झालो. मला जिन्यातलं ऐकू येणार नाही? पोचलेला मी आहेच, तिथं तिचं बरोबर. चुन्याचं चूक.

आणि बाहेर गाडीपाशी तू म्हणालास, "पहिल्या बाळंतपणाला आलेल्या पोरीला सातव्या महिन्यात सासरी परत धाडणारा माणूस, तो भावाला काय देणार?" हे तू मोठ्यानेच बोललास. पानवाल्यानेही ऐकलं.

दोन्हीचं उत्तर देतो.

हात माझे आधीपासून राठ. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचा कांदा वर काढायची जुनी खोड. डिसेंबरात तळवे लाल झाले, आग व्हायला लागली, मग कातडी सुटली. पायात चप्पल सहन होईना. म्हटलं, कांद्याचा ताव असेल. खोबरेल चोळत राहिलो. रेषा कधी गेल्या ते कळलंच नाही. कांद्याला चाळीस वर्षांत जे जमलं नाही ते गोळ्यांनी दोन महिन्यांत केलं.

कसल्या गोळ्या, ते लिहायच्या आधी उठून चहा करून आलो. दिवाळीत माझं ऑपरेशन झालं ते हर्नियाचं नव्हतं. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ होती. ती काढली, उरलंसुरलं मरावं म्हणून या गोळ्या. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, मग सात दिवस बंद. कुणाला बोललो नाही. व्यापारी आजारी आहे म्हटलं की बाजार त्याच्या मालाकडे बघायचं सोडून तोंडाकडे बघतो. आणि तुझी कीव मला नको होती. तुझ्या शिव्या पचतात.

पोटच्या पोरीला, चैतालीलाही, बीपीच्या गोळ्या म्हणूनच सांगितलं होतं. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाकिटातल्या गोळ्या काढून माझ्यासाठी वाटीत ठेवायला लागली. "आप्पा, असं काय करता, साधी गोळी लक्षात राहत नाही?" खरंच राहत नव्हती. जानेवारीत आवक फार होती, लागोपाठ दोन संध्याकाळच्या गोळ्या राहिल्या. मग मी आपल्या बाजाराची अक्कल चालवली. वजनात तूट आली की पुढच्या खेपेला भरून द्यायची. तिसऱ्या दिवशी राहिलेल्या सगळ्या एकदम घेतल्या.

पुढे दिवसाला नऊ-दहा जुलाब. तोंडात फोड, पाणीसुद्धा झोंबायचं. चैतालीला म्हटलं, बाहेरचं खाणं बाधलं. आणि गोळ्या चालूच ठेवल्या, घेतला माल परत करायचा नाही म्हणून. चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवर चक्कर येऊन बसलो. तिथं मोहिनी सिस्टर आहेत, पोरीच्या वयाच्या. सलाईन लावता लावता त्यांना माझं तुटीचं गणित सांगितलं.

"कारभारीकाका, गोळी राहिली तर राहिली. ती सोडून द्यायची, पुढची वेळेवर घ्यायची. ही काय कांद्याची गोणी आहे भरपाई करायला? आणि चार दिवस जुलाब होत असताना फोन का नाही केला?"

"म्हटलं, थांबेल."

"जुलाब, तोंडातले फोड, तळव्यांची आग, ताप, यातलं काहीही वाढलं की पुढची गोळी घ्यायच्या आधी आम्हाला विचारायचं. सोसण्याचं इथं बक्षीस नसतं. घरी गोळ्या कोण काढून देतं?"

"मुलगी. सातवा लागलाय तिला."

सिस्टरचा हात थांबला. "गरोदर बाईने या गोळ्यांना हात लावायचा नाही. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं. जिन्यातली कुजबुज पकडणाऱ्या या कानांनी तेवढं सोडून दिलं होतं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी चैतालीला सासरी पाठवलं. कारण सांगितलं नाही. ती गाडीत बसून रडत होती आणि मी ड्रायव्हरला टायरमधली हवा विचारत होतो. तिला घरातच ठेवून गोळ्यांपासून लांब ठेवता आलं असतं, पण मग खरं सांगावं लागलं असतं. तुझ्या सोमवारच्या बोलण्यानंतर मंगळवारी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं, कारण तिच्या डॉक्टरीणबाईंना कळायला हवं होतं. काल त्यांनी तपासलं. सध्या बाळ ठीक आहे म्हणाल्या, लक्ष ठेवतील. चैताली माझ्याशी बोलत नाही. ते मी मान्य केलंय.

गाळ्याचं म्हणशील तर कारकुनाला विचारलं, डॉक्टरांचं पत्र घेऊन या, बघू म्हणाला. पत्र घेतलंय. गाळा तुझा होणार, तू हे वाचून गप्प बसलास तरी होणार. त्याचा आणि पुढच्या मजकुराचा संबंध जोडू नकोस, सविताला जोडू देऊ नकोस.

त्या जुलाबानंतर थांबवलेल्या गोळ्या येत्या सोमवारपासून पुन्हा सुरू, डोस कमी करून. सिस्टरने फॉर्म पुढे केला. घरी माझ्याकडे बघायला माणूस कोण, ते त्यात लिहायचं होतं. म्हटलं, आडतीवरचा दिवाणजी आहे. म्हणाल्या, "तो तुमचं ऐकेल. तुमच्यावर ओरडू शकेल असा माणूस द्या."

असा मला एकच माहीत आहे. तुझं नाव लिहिलं. तुला विचारलं नाही. तूही रजिस्ट्रार ऑफिसात मला विचारून तोंड उघडलं नव्हतंस.

तर ऐक. ताप शंभराच्या वर गेला, जुलाब आवरेनात, छातीत दुखलं, तर मी म्हणेन, काही नाही रे, जा तू. ऐकायचं नाही. फाईल घ्यायची, गोळ्यांचं पाकीट घ्यायचं. सुट्या गोळीला हात लावायचा झाला तर हातमोजे घालायचे. मला गाडीत घालायचं. वाटेत जे बोलायचं ते बोलून घे, मला उठून जाता येणार नाही.

फॉर्मवर नात्याच्या रकान्यात 'भाऊ' लिहिलंय. खोडायचं असेल तर सोमवारच्या आधी ये आणि माझ्यासमोर, तुझ्या हाताने खोड.

कारभारी