अप्पांच्या आवाजातली फट

३ फेब्रुवारी २०२५

अ‍ॅम्प्लिफायर मी जोडला. स्पीकरची खोकी मी केली, रंधा मारून. वाजवायचा प्रोग्राम — एकेक ओळ — मी लिहिला, कुठल्याच कॉलेजात न जाता. आणि आज मठात प्रवचन सांगणाऱ्या शिवशंकरप्पांच्या अंत्ययात्रेत तोच अडखळला! अप्पांचंच प्रवचन लावलं होतं, श्रावणात मठात मीच रेकॉर्ड केलेलं. फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे आमच्याकडच्या तिरडीत, अप्पा बसवलेले, अन् आवाज टक्‌ टक्‌ तुटतोय. त्यांचा मुलगा प्रशांतकुमार, मठाचा कारभार बघणारा, चारचौघांत म्हणतो, “फुकटात प्लेअर मिळायलेत की, अण्णा! तुमच्या कारागिरीपायी अप्पांचे हाल कामून?” दहा तारखेला अप्पांचं दिवसकार्य, शिवगणाराधना. तेव्हा तुटला तर मठाचं काम गेलं.

हाल म्हणे!

४ फेब्रुवारी

जेवलो न्हाई. बायको, नागरत्ना, म्हणाली, “मशीनवरचा राग भाकरीवर कामून काढायलाव?”

५ फेब्रुवारी

सापडलं. गाढवपणा माझाच! साउंड कार्ड ठरल्या वेळी आवाज मागतं. तोवर बफर, म्हणजे आवाजाची तात्पुरती टाकी, भरलेला पाहिजे. रिकामा सापडला की टक्‌. ह्यालाच अंडररन म्हणतात. मी आवाज देणाऱ्या फंक्शनमध्येच पेनड्राइव्ह वाचत होतो. वर तिथंच पडद्यावर कन्नड वचन आणि खाली मराठी अर्थ रंगवत होतो — गावाला दोन्ही पाहिजेत ना! अक्षरं नटेपर्यंत आवाज उपाशी.

६ फेब्रुवारी

सगळं वेगळं केलं. वाचणारा भाग पुढचे दोन सेकंद आधीच भरून ठेवतो. अक्षरांना उशीर झाला तर होऊ दे. आवाजाचं फंक्शन भरलेलं तेवढं उचलतं, कुणासाठी थांबत न्हाई. बफर किती वेळा रिकामा गेला ते मोजायला लावलं.

शून्य!

तरी दासोहावर, म्हणजे अन्नदानावर, बोलताना अप्पांचा आवाज मध्येच जातो. दर वेळी तिथंच. शून्य असताना? डोकं फिरलं. माउस आपटला, फुटला.

७ फेब्रुवारी

हेडफोन लावून आवाज पूर्ण चढवला. काही तुटलेलं न्हाई. अप्पांनी माइकवर तळहात दाबलाय. हाताखाली खोकला, लांब. मग अगदी बारीक — “प्रशांत, आता तरी दवाखान्यात ने रं.”

“श्रावण संपू द्या, अप्पा. लोक यायलेत.”

८ फेब्रुवारी

लिहायला काही न्हाई.

९ फेब्रुवारी

प्रशांतकुमारला बोलावून एकट्याला ऐकवलं. बराच वेळ हेडफोन काढला न्हाई त्यानं. मग म्हणाला, “तेवढं कापा, अण्णा. उद्या आई समोर असंल.” म्हणालो, स्पीकरवर कुणाला ऐकू येणार न्हाई — नुसती शांतता वाटंल. “मला येईल की!”

न्हाई म्हणालो. तेवढं कापायला मठाचं कायमचं काम देत होता, अन् वर रोख ऐंशी हजार. पण अप्पांनी मागितलेलं मी पुसणार न्हाई.