लोबानाचा धूर

उंब्रज, गुरुवार, सायंकाळ

आष्ट्याच्या पाटलांची सुपरचार्जरवाली मोटार चढावर दम सोडते. इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या त्या सुपरचार्जरचा पट्टा घसरत आहे, असे मी त्यांना ठामपणे सांगितले. त्यावर चिरंजीव यासीन त्यांच्यादेखतच म्हणाला, “न्हाई अब्बा, दाबाची हवा कुठंतरी गळतीय.” मला ते रुचले नाही. गुरुवारचा लोबान मी गॅरेजात फिरवीत होतो. त्याने धूपदाणीच मागून घेतली आणि भात्याने धूर इंजिनाच्या हवेच्या नळीत भरला. लोबानाचा धूर, आणि इंजिनात? रबरी जोडाखालून त्याची बारीक रेघ निघाली. पट्टा निर्दोष होता.

जोड बदलल्यावर पाटलांनी मलाच विचारले, “चाचा, आता घाट चढंल न्हवं?”

“गॅरेज यासीनचे आहे. त्याला विचारा.” हे मी आजवर कधी कुणाला म्हटले नव्हते.

यासीन चपापला. “अब्बा, बरं वाटतंय न्हवं तुमास्नी?”

मला फार बरे वाटत होते.